बारा नारळ आणि एक हाक : सतराव्या शतकातील मराठी-कन्नड सामीप्याची दोन रूपे

होसकोटे हे नाव मराठी वाचकाला अर्धेच कळते. ‘कोट’ त्याच्या ओळखीचा असतो; तटबंदी, बुरूज, खंदक हे सारे त्या अक्षरांबरोबर डोळ्यांसमोर येते. ‘होस’ या पूर्वपदापाशी मात्र तो थांबतो. कन्नड भाषेत ‘होस’ म्हणजे नवा. हळेबीड या नावातील ‘हळे’ म्हणजे जुने हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘होस’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द असल्याचे सांगितले की होसकोटे म्हणजे ‘नवा कोट’ हे चटकन उमगते. ‘कोट’ हा शब्द कोणी कोणाकडून घेतला, हा व्युत्पत्तिशास्त्राचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्या नावातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटावी. शेजारच्या संस्कृतीतील एखादी गोष्ट अर्धी आपली वाटते, तेव्हा उरलेले अर्धे विचारून घेण्याची गरजच पुष्कळदा भासत नाही. परकेपणाइतकाच हा अर्धवट परिचयही आकलनाच्या आड येतो.

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवर, दक्षिण पिनाकिनी नदीच्या काठी हे गाव आहे. येथील कोट सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मेगौडा या नायकाने बांधला असे मानतात. १६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान आणि त्याच्याबरोबर आलेले शहाजीराजे भोसले यांनी बंगळूर जिंकले. केंपेगौडा घराण्याला मागडीला जावे लागले. त्यानंतर बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरा हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले, तोवर सुमारे अर्धशतक या प्रदेशात मराठी सत्ता नांदली. मराठी आणि कन्नड या दोन भाषा येथे राज्यकारभारात, बाजारात आणि देवळात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. या सामीप्याने मराठी साहित्याला काय दिले, आणि भिन्न संस्कृतीचा आदर म्हणजे नेमके काय याविषयी त्यातून काय शिकता येते, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

तो न विचारला जाण्याची कारणे समीक्षेच्या परिभाषेतच आहेत. दक्षिणेतील मराठी सत्तेविषयी लिहिताना मराठी लेखणी बहुधा दोन शब्दांच्या आश्रयाला जाते. पहिला शब्द ‘वैभव’. त्याच्या प्रकाशात बंगळूर आणि तंजावर ही मराठी कर्तृत्वाची दूरची ठाणी ठरतात आणि तेथील माणसे पार्श्वभूमीला जातात. दुसरा शब्द ‘समन्वय’. तो अधिक उदार आहे आणि संतसाहित्याच्या अभ्यासात त्याने मोठे कार्यही केले आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्या संकल्पनेला संशोधनाचे भक्कम अधिष्ठान दिले. परंतु समन्वय हा शब्द दीर्घ ऐतिहासिक प्रक्रियेचे फलित सांगतो. त्या प्रक्रियेच्या ऐन मध्ये उभ्या असलेल्या माणसाला समोरचा माणूस वेगळाच दिसत असतो, त्याचे बोलणे कळत नसते आणि तरी त्याच्याशी व्यवहार करावाच लागतो. हा अनुभव समन्वयाच्या परिभाषेत मावत नाही. युनेस्कोने २००१ मध्ये सांस्कृतिक विविधतेचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला. पण कोणताही जाहीरनामा वेगळेपणाचा आदर करावा एवढेच सांगू शकतो. तो आदर वाक्यात, ओळीत, उच्चारात कसा प्रकट होतो, हे दाखविणे साहित्याचे काम आहे.

या दृष्टीने जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’कडे पाहण्यासारखे आहे. जयराम मूळचा महाराष्ट्रातला. शहाजीराजांची कीर्ती ऐकून तो कर्नाटकात त्यांच्या दरबारी आला. पुढे पन्हाळा १६७३ मध्ये शिवाजी महाराजांच्या हाती आला, त्या घटनेवर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ रचणारा कवी तोच. चंपूकाव्याच्या प्रघाताप्रमाणे त्याच्या या ग्रंथात गद्य आणि पद्य यांचे मिश्रण आहे. आरंभी राधाकृष्णांच्या लीला, मग शहाजीराजांचा दरबार आणि अखेरीस देशोदेशींच्या भाषांतील रचना, असा त्याचा प्रवास होतो. दरबारातील प्रथम भेटीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. जयरामाने राजापुढे बारा नारळ ठेवले. बाराच का, असा प्रश्न आला, तेव्हा आपल्याला बारा भाषांत कविता करता येते असे त्याने उत्तर दिले. मग समस्यापूर्तीचा खेळ सुरू झाला. संस्कृत, मराठी, गुजराती, पंजाबी, हिंदुस्थानी, दखनी, कानडी अशा अनेक भाषांची तेथे हजेरी लागली.

हा प्रसंग केवळ कवीच्या चातुर्याचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्याचा अर्थ मात्र तेवढ्यावर संपत नाही. भाषेगणिक एक नारळ ठेवण्यात प्रत्येक भाषेला स्वतंत्र मान देण्याची कल्पना आहे. एका भाषेत रचून ‘हेच सर्व भाषांचे सार’ असे म्हणण्याची मुभा जयरामाला होती. ती त्याने घेतली नाही. समस्या ज्या भाषेत आली त्या भाषेत तिची पूर्ती करायची, त्या भाषेचे वृत्त, तिचे वळण, तिचा लहेजा सांभाळायचा, आणि ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्यांच्या समोर आपली परीक्षा द्यायची, हे त्याने पत्करले. समस्यापूर्तीत चरण दुसऱ्याने दिलेला असतो आणि कवी त्याला बांधलेला असतो. या बंधनातच आदराचे बीज आहे. दुसऱ्याच्या वाक्याचा शेवट आपल्या सोयीने बदलता येत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट आपणच शोधायची असते.

बहुभाषिक रचना ही काही जयरामाची निर्मिती नव्हे. संस्कृत नाटकात संस्कृत आणि निरनिराळ्या प्राकृत भाषा शतकानुशतके एकत्र नांदल्या. मात्र तेथील भाषाविभाग दर्जाने ठरतो. राजा आणि विद्वान ब्राह्मण संस्कृत बोलतात. स्त्रिया आणि सेवक यांच्या वाट्याला बहुधा प्राकृत येते. भाषा पात्राची पायरी दाखविते. जयरामाच्या चंपूत देशभाषा प्रदेश दाखवितात. गुजराती ही गुजरातच्या माणसाची भाषा म्हणून येते, खालच्या पायरीवरील माणसाची म्हणून येत नाही. हा बदल दिसायला लहान आहे. साहित्यविचाराच्या दृष्टीने तो मोठा आहे.

युरोपातील एक उदाहरण शेजारी ठेवले की हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात काव्यरचना करू लागलेला प्रोव्हान्सचा त्रुबदूर कवी रेंबाउ द व्हाकेइरास याने पाच भाषांची एक कविता रचली. ऑक्सितान, इटालियन, फ्रेंच, गॅस्कन आणि गॅलिशियन-पोर्तुगीज अशी प्रत्येक कडव्याची भाषा वेगळी आहे आणि अखेरच्या कडव्यात त्या सगळ्या एकत्र येतात. प्रेयसीचे मन पालटले, म्हणून कवीने शब्द, स्वर आणि भाषा यांचा मेळही मोडला आहे. भाषांचे अनेकत्व तेथे विसंवादाचे चिन्ह आहे. जयरामाच्या दरबारात तेच अनेकत्व मांगल्याचे चिन्ह म्हणून, नारळांच्या रूपाने पुढे येते. एकाच साधनाने दोन संस्कृतींनी दोन उलट अर्थ व्यक्त केले आहेत.

येथपर्यंतचे वाचन जयरामाच्या पक्षाचे झाले. समीक्षेला येथे थांबता येणार नाही. बारा नारळ ज्याच्यापुढे ठेवले तो जिंकणाऱ्यांच्या बाजूचा सरदार होता आणि ज्या नगरात ते ठेवले ते नगर दुसऱ्याचे होते. दरबारातील भाषांची ही मांदियाळी राजाच्या कीर्तीसाठी भरली होती. जितक्या भाषांत स्तुती, तितका यशाचा विस्तार, हे त्यामागचे गणित लपत नाही. ग्रंथाची चौकट संस्कृतची आहे आणि देशभाषांना स्थान मिळते ते अखेरीस. शिवाय बारा भाषांत बोलणाऱ्या या मंडळीत कवी, शास्त्री आणि आश्रित दिसतात. बंगळूरच्या पेठेतला विणकर किंवा होसकोट्याच्या तळ्याखाली भात पिकविणारा शेतकरी दिसत नाही. ज्यांची भाषा त्या भूमीची होती, त्यांना या भाषासभेत केवळ अनेकांतले एक स्थान मिळाले. भिन्नतेचा असा गौरव सत्तेच्या छायेत होतो, तेव्हा त्याला आदर म्हणावे की अलंकार, ही शंका रास्त आहे.

तरीही या शंकेने चंपूचे मोल शून्य होत नाही. आश्रयदात्याचा हेतू आणि कवीची साधना या दोन गोष्टी वेगळ्या राखाव्या लागतात. राजाला कीर्ती हवी असेल. पण कवीला त्यासाठी दुसऱ्यांच्या भाषा खरोखर शिकाव्या लागल्या, आणि शिकलेली भाषा केवळ आश्रयदात्याच्या मालकीची राहत नाही. शहाजीराजांचे वंशज तंजावरला स्थिरावल्यावर या साधनेचे पुढचे रूप दिसते. तेथील शहाजी (१६८४ ते १७१२) याने मराठी नाटके रचली आणि तेलुगू यक्षगानेही रचली. त्याच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा रंगभूमीवर एकत्र येतात. आजोबांच्या दरबारात आश्रित कवीने केलेले काम नातू स्वतः करू लागला होता. जिंकणाऱ्याच्या घराण्याने जिंकलेल्या प्रदेशाच्या काव्यपरंपरेपुढे शिष्य म्हणून बसावे, ही गोष्ट राजकीय इतिहासाच्या हिशेबात सहजी बसत नाही.

चंपूच्या वाचनाचा इतिहासही येथे लक्षात घ्यायला हवा. वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रकाशित केला. मराठी अभ्यासावर त्यांचे हे ऋण मोठे आहे. त्या प्रस्तावनेचा रोख मुख्यतः शहाजीराजांच्या चरित्राकडे आणि तत्कालीन समाजस्थितीकडे होता. पुढील इतिहासकारांनीही चंपूकडे प्रायः त्याच दृष्टीने पाहिले. काव्याला दप्तर मानण्याच्या या रीतीत देशभाषांतील रचना भाषिक कुतूहलाचा विषय होऊन बाजूला राहिल्या. त्यांतील कानडी पद्ये कन्नड काव्यपरंपरेच्या निकषांवर कितपत उतरतात, त्या भाषेचा स्वभाव त्यांत जपला गेला आहे की मराठी कवीचा हात त्यांत जाणवतो, हा निर्णय मराठी वाचक एकटा देऊ शकत नाही. त्यासाठी कन्नड पंडिताशेजारी बसून वाचावे लागेल. जयरामाने दिलेल्या परीक्षेचा निकाल लावायला परीक्षक दुसऱ्या भाषेतूनच यायला हवा.

दरबाराबाहेरचे चित्र याच काळातील एका मराठी अभंगात सापडते, आणि तेही शहाजीराजांच्या पुणे जहागिरीच्या परिसरातून. तुकोबांच्या गाथेत कानडी बायको आणि मराठी नवरा यांच्या संसाराचा एक दृष्टांत आहे. दोघांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. ती आपल्या भाषेत त्याला जवळ बोलावते. त्याच्या कानांना तीत भलतेच काही ऐकू येते आणि तो पळ काढतो. आपली गत अशी होऊ नये, आपल्याला सज्जनांची संगत मिळावी, ही तुकोबांची देवाकडे मागणी आहे. अभंगाचे प्रयोजन अर्थात पारमार्थिक आहे. भाषिक संबंधांवर भाष्य करण्याचा त्यांचा हेतू होता असे म्हणणे म्हणजे अभंगावर ओझे लादणे होईल. परंतु दृष्टांतासाठी निवडलेला प्रसंग कवीचे निरीक्षण उघड करतोच.

या निरीक्षणात दोन गोष्टी विलक्षण आहेत. पहिली अशी की, विनोद कोणावर आहे हे नीट पाहिले तर तो कानडी बायकोवर नाही. तिचा शब्द सरळ आहे, मायेचा आहे. चूक घडते ती मराठी कानाच्या ठिकाणी. परभाषकाचे बोलणे हास्यास्पद करून दाखविण्याची सोपी युक्ती जगातील बहुतेक लोकवाङ्मयात आढळते. तुकोबांनी हसण्याची दिशा आपल्याच माणसाकडे वळविली आहे. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हा विनोद रचण्यासाठी कवीला तो कानडी शब्द त्याच्या खऱ्या अर्थासह ठाऊक असावा लागतो, आणि श्रोत्यालाही तो कळावा लागतो. एरवी हसू येणारच नाही. म्हणजे पती-पत्नींना जे साधले नाही ते कवीला आणि त्याच्या श्रोत्यांना साधले आहे. न कळण्याविषयीचा हा अभंग कळणाऱ्या समाजात जन्मला आहे.

जयरामाचे बारा नारळ आणि तुकोबांच्या अभंगातील ती हाक यांना एकत्र वाचले की एकमेकांची उणीव भरून निघते. जयराम सामर्थ्य दाखवितो. दुसऱ्याच्या भाषेत उत्तर देता येते, हे तो सिद्ध करतो. पण सर्वच समस्या सुटणाऱ्या त्या सभेत न कळण्याचे दुःख कोठे नाही. तुकोबा ते दुःख घरात, रोजच्या जगण्यात आणून ठेवतात. एकत्र राहूनही तुटलेल्यांच्या सुखातसुद्धा शीण साठत जातो, याची जाणीव त्यांना आहे. सांस्कृतिक भेदांविषयीच्या पुष्कळशा आधुनिक लेखनात सद्भाव असला की पुरे, असे गृहीत धरलेले असते. अभंगातल्या त्या घरात सद्भावाची वाण नव्हती. वाण होती ती समोरच्याचा शब्द त्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने ऐकू शकणाऱ्या कानाची. आदर ही अशी ऐकण्याची कमावलेली क्षमता आहे आणि ती मेहनतीवाचून येत नाही, हा या दोन रचनांचा एकत्रित बोध आहे.

ही क्षमता जेथे अनावश्यक ठरते, तेथे काय उरते याचे उदाहरण होसकोट्याच्या भूमीवरच घडले. पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, ऑगस्ट १७६८ मध्ये, कर्नल स्मिथच्या इंग्रज फौजेचा आणि त्याला येऊन मिळालेल्या गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या मराठी पथकाचा तळ होसकोट्याजवळ होता. २२ ऑगस्टच्या रात्री हैदरअलीने घोरपड्यांच्या छावणीवर छापा घातला. मुराररावांनी आपल्या माणसांना घोड्यावर स्वार न होता प्रत्येकाने आपल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहावे आणि जो स्वार दिसेल तो शत्रू समजावा, असा हुकूम दिला होता असे सांगतात. युक्ती सफल झाली आणि हल्ला परतवला गेला. त्या तळावर इंग्रजी, मराठी, कन्नड, तेलुगू, तमिळ, दखनी अशा किती तरी भाषा एकत्र असणार. परंतु अंधारात माणसाची ओळख तो घोड्यावर आहे की जमिनीवर, एवढ्यावर येऊन ठेपली. छावणीत माणसे जवळ येतात, पण त्यांना एकमेकांविषयी एकच गोष्ट जाणायची असते. निव्वळ सहवासाने आदर निर्माण होतो या समजुतीला होसकोट्याची ती रात्र उत्तर देते.

या मुलखाला दुसराही वारसा आहे. होसकोट्याला लागूनच असलेल्या मालूर तालुक्यात १८९१ मध्ये मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांचा जन्म झाला. त्यांच्या घरची भाषा तमिळ. त्यांनी कन्नड कथेला आकार दिला आणि १९८३ चा ज्ञानपीठ पुरस्कार कन्नड लेखक म्हणून मिळविला. त्यांच्याआधी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती; तेही कन्नडचे महाकवी झाले आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. या दोघांनी दरबारासाठी दुसरी भाषा घेतली नाही. ज्या समाजात राहायचे त्याच्या अंतःकरणाची भाषा म्हणून त्यांनी ती स्वीकारली आणि तिच्याच निकषांवर आपले मोजमाप होऊ दिले. घरची भाषा त्यासाठी टाकावी लागली नाही. जयरामाची साधना आणि तुकोबांच्या श्रोत्यांचा कान यांचा मेळ येथे पडलेला दिसतो. मराठी समीक्षेने बेंद्र्यांना ‘आपले’ म्हणताना त्यांच्या कन्नड कवितेचे वाचन मागे राहिले, याची खंत मात्र बाळगली पाहिजे. अर्धी ओळख पुन्हा तेथेही आड आली.

साध्या शब्दांपासून आरंभ करता येईल. जुन्या मराठीत ‘कानडी’ हा निर्मळ शब्द होता आणि ऐतिहासिक संदर्भात तो वापरण्यात काही गैर नाही. आज त्या भाषेचे लोक स्वतःला कन्नडिग म्हणवितात आणि आपल्या भाषेला कन्नड म्हणतात. तेव्हा आजच्या लेखनात तेच नाव स्वीकारणे हे सौजन्यापेक्षा अधिक आहे, दुसऱ्याला त्याच्या नावाने हाक मारणे आहे. सीमाप्रश्नाच्या धुराळ्यात एवढी गोष्टही पुष्कळदा हरवते. चंपूची नवी आवृत्ती निघेल, तेव्हा तिच्या संपादक मंडळात मराठी आणि संस्कृत पंडितांच्या जोडीला कन्नडचा जाणकार असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. तो काय सांगेल ते मराठी अभिमानाला रुचेलच असे नाही. परीक्षा देणाऱ्या जयरामालाही ती खात्री नव्हती.

बंगळूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाला रस्त्यावरच्या पाटीवर कन्नड लिपीत होसकोटे हे नाव दिसते. ‘कोट’ त्याला आपोआप कळेल. ‘होस’चा अर्थ शेजारच्या माणसाला विचारावा लागेल, आणि त्याच्या उत्तराला थोडा वेळ द्यावा लागेल.